देवाचे फूल कोणाचे?

प्रातःकाळी फिरावयास जाणे आणि परतताना देवपूजेसाठी फुले आणणे, हा अनेक घरांतील नित्यक्रम आहे. पायांना चाल मिळते, मन प्रसन्न होते आणि देवघरातील तबक भरते. परंतु या निर्मळ नित्यक्रमात एक प्रश्न दडलेला आहे. पिशवीतील फुले दुसऱ्याच्या कुंपणावरून डोकावणारी फांदी छत्रीच्या मुठीने वाकवून घेतलेली असतील, तर ते अर्पण ठरते काय? ‘देवासाठीच नेली, त्यात चोरी कसली?’ असे उत्तर सहज दिले जाते.

हे उत्तर अगदीच निराधार नाही. गाईसाठी गवत, अग्नीसाठी सरपण आणि वेली-वृक्षांची फुले आपलीच समजून घेण्यास गौतम धर्मसूत्राने मुभा दिली आहे. फळे मात्र कुंपण नसलेल्या झाडांचीच घ्यावीत, अशी मर्यादा आहे. आपस्तंब धर्मसूत्रात याच विषयावर आचार्यांचे मतभेद नोंदलेले आहेत. कोणत्याही स्थितीत परक्याची वस्तू घेणारा तो चोरच, असे काहींचे मत. काही वस्तूंना अपवाद असावा, असे दुसरे मत. हारीत मात्र सांगतात की, प्रत्येक वेळी आधी अनुमती घ्यावी. भाविकाने यातील कोणते मत स्वीकारावे?

निर्णयापूर्वी त्या फुलामागचे वर्ष पाहावे. चैत्र-वैशाखात मोगरा बहरतो, तो काळ पाण्याच्या ओढीचा. भाजी-तांदूळ धुतलेले पाणीही कोणीतरी जपून आळ्यात ओतलेले असते. मृगाच्या सरींनंतर जास्वंदीच्या फांद्या लावायच्या, श्रावणात तण काढायचे, मुळाशी पाणी साचू द्यायचे नाही. आश्विनात पारिजातकाचा सडा पडतो आणि थंडीबरोबर शेवंती फुलते. ऋतू आपोआप पालटतात. बाग मात्र कोणाच्या तरी हातांनी उभी राहते. पुष्कळदा ते हात वृद्ध असतात. ज्यांच्याने देवळाची पायरी चढवत नाही, त्यांच्यासाठी अंगणातील एक जास्वंद हीच त्या दिवसाची पूजा असते. पहाटे कोणी ती खुडून नेली, तर देवाला एक फूल मिळते आणि एका भक्ताची पूजा राहून जाते.

गीतेच्या नवव्या अध्यायात भगवंतांनी पान, फूल, फळ आणि पाणी एवढ्यावरच संतोष मानला आहे. तेथे वस्तूचे मोल नाही, देणाऱ्याच्या भक्तीचे आहे. जे आपले नाही, ते देणार तरी कसे? दुसऱ्याचे श्रम न विचारता उचलून आपल्या नावाने वाहिले, तर हात जोडलेले असले तरी मन संकोचतेच. म्हणून धर्मसूत्राची मुभा मान्य करूनही हारीतांचा मार्ग अधिक श्रेयस्कर वाटतो. विचारल्याने फूल कमी होत नाही. उलट देणाऱ्यालाही त्या पूजेत वाटा मिळतो.

अर्थात बागेच्या धन्यानेही मूठ घट्ट आवळू नये. पाऊस, ऊन आणि माती ही त्याची कमाई नव्हे. अरण येथील संत सावता माळी यांनी मळ्यातील कामालाच भक्ती मानले. अशा दृष्टीने राखलेल्या बागेत मालकीचा ताठा राहत नाही. मागणाऱ्याने विचारावे, राखणाऱ्याने आनंदाने द्यावे, एवढ्याने दोघांचेही पुण्य टिकते.

पारिजातकाने तर वाट आणखी सोपी केली आहे. जमिनीवर पडलेली फुले एरवी पूजेस घेत नाहीत. पारिजातकाला मात्र रूढीने अपवाद केले आहे. तरीही ती दुसऱ्याच्या अंगणात असतील, तर दोन शब्द विचारूनच वेचावीत. कळ्या तोडू नयेत, झाडावर थोडी फुले राहू द्यावीत आणि जमेल त्याने दारी एखादी तुळस वा तगर लावावी.

दानाचेही असेच आहे. श्रींच्या चरणी येणारे फूल असो वा द्रव्य, ते थोडे असले तरी चालते. ते कोणाला न दुखवता आलेले असावे. अशी शुद्ध ओंजळ घेऊन प्रत्येक भाविक या द्वारी यावा, हीच श्रीचरणी प्रार्थना.