गुण, वैगुण्य आणि व्रत : सुपरहिरो-खेळांतील नीतीचा प्रश्न

अदृश्य होण्याची शक्ती हाती आल्यावरही मनुष्य न्यायी राहील काय, हा प्रश्न प्लेटोच्या 'रिपब्लिक'मध्ये ग्लॉकन उपस्थित करतो. त्यासाठी तो एका अंगठीची कथा सांगतो. ती अंगठी सापडलेला मेंढपाळ अदृश्य होऊन राणीला वश करतो, राजाला मारतो आणि सिंहासन बळकावतो. गायजीसची अंगठी या नावाने ही कथा नीतिशास्त्रात रूढ झाली. 'चॅम्पियन्स' या अमेरिकन सुपरहिरो-खेळाच्या 1989 सालच्या चौथ्या आवृत्तीत हीच शक्ती, म्हणजे दृष्टीस न पडण्याची शक्ती, 20 गुणांना मिळते. त्याच नियमावलीनुसार कोणत्याही परिस्थितीत कोणाचाही जीव न घेण्याचे व्रत पात्राच्या अंगी असल्याचे नोंदवले, तर खेळाडूच्या खात्यात सामान्यतः 20 गुण जमा होतात. अहत्येचे व्रत देऊन गायजीसची अंगठी विकत घेता यावी, असा हा हिशेब आहे. ज्या संयमाची किंमत आधीच वसूल झालेली आहे, त्याला संयम म्हणावे काय? खेळाच्या नियमातून उद्भवलेला हा प्रश्न वस्तुतः नीतीचा आणि पात्रकल्पनेचा प्रश्न आहे.

ज्या खेळप्रकारातून हा प्रश्न निर्माण होतो, त्याचे स्वरूप थोडक्यात ध्यानात घ्यावे लागते. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या 1974 साली प्रसिद्ध झालेल्या खेळापासून टेबलाभोवती बसून खेळावयाच्या भूमिकाखेळांची परंपरा सुरू झाली. प्रत्येक खेळाडू एका पात्राची भूमिका घेतो. एकजण सूत्रधार होतो आणि उर्वरित सारे जग, शत्रूंसह, त्याच्या मुखातून बोलते. अनिश्चित कृतींचा निकाल फासे देतात, आणि पात्राच्या क्षमता एका कागदावर आकड्यांत लिहिलेल्या असतात. सुपरहिरोंच्या कथा या घाटात बसविण्याचे प्रयत्नही लवकरच झाले. 1979 च्या 'व्हिलन्स अँड व्हिजिलांटीज'मध्ये शक्ती फाशांनी ठरत, म्हणजे दैवाने मिळत. 1981 मध्ये जॉर्ज मॅकडोनाल्ड आणि स्टीव्ह पीटरसन यांनी रचलेल्या 'चॅम्पियन्स'ने दैवाच्या जागी हिशेब आणला. प्रत्येक खेळाडूस ठरावीक गुण द्यावयाचे आणि त्यांतून त्याने शक्ती विकत घ्यावयाच्या, हे त्याचे मूलतत्त्व होय.

या व्यवस्थेत शक्तीचा परिणाम आणि तिचे दर्शनी रूप यांची फारकत केली जाते. शत्रूवर दुरून आघात करणे ही एक शक्ती आहे. तो आघात अग्नीचा, बर्फाचा की ध्वनीचा, हे खेळाडूने स्वतः ठरवावयाचे असते, आणि त्याने मूळ किंमत बदलत नाही. आघाताच्या प्रत्येक फाशास 5 गुण पडतात, म्हणून बारा फाशांच्या आघाताची किंमत 60 गुण होते. ही शक्ती शत्रूला सहज हिसकावून घेता येईल अशा शस्त्रात ठेवली, तर तेवढ्या मर्यादेपोटी किंमत निम्म्यावर, 30 गुणांवर येते. लोककथेतील पात्रे बदलली तरी त्यांची कार्ये स्थिर राहतात, असे व्लादिमीर प्रॉप यांनी 1928 मध्ये दाखविले होते. खेळाच्या रचनाकारांनी प्रॉप वाचला असो वा नसो, त्यांनी संरचनावादी समीक्षकाचेच काम केले. मात्र समीक्षकाने काढलेल्या सूत्राला किंमत लावावी लागत नाही. येथे प्रत्येक सूत्राला किंमत आहे, आणि ती सर्व सूत्रांना एकाच मापाने लावलेली आहे.

हे माप शक्तींपाशी थांबत नाही. चौथ्या आवृत्तीतील नेहमीच्या सुपरहिरोस मूळचे 100 गुण मिळतात. आणखी 150 पर्यंत गुण त्याला आपली वैगुण्ये नोंदवून मिळविता येतात. मागावर असलेला शत्रू, रक्षण करावे लागणारे आप्तजन, लपवून ठेवलेली ओळख, मनाला घातलेली बंधने ही सारी या यादीत येतात. अडीचशे गुणांचा पूर्ण वीर तीन-पंचमांश आपल्या उणिवांतून उभा राहतो. मराठीत 'गुण' हा शब्द परीक्षेतील अंकांनाही लागतो आणि शीलालाही लागतो. या खेळात वैगुण्यातून गुण निपजतात, आणि त्याहून विलक्षण गोष्ट अशी की अहत्येचे व्रत, ज्याला कोणतीही नीतिव्यवस्था शीलाचा गुण मानील, ते येथे वैगुण्यांच्या यादीत येते. नियमाच्या दृष्टीने हे अतार्किक नाही. जो मारू शकत नाही त्याच्यापाशी एक उपाय कमी असतो, आणि उपाय कमी असणे म्हणजे उणीव. सद्गुण आणि व्यंग यांत फरक करण्यास नियमापाशी शब्दच नाही.

ही भरपाई केवळ बाजारी वृत्तीतून आली, असे म्हणणे मात्र उथळपणाचे ठरेल. तिच्यामागे न्यायाची एक कल्पना आहे. एकाच टेबलाशी बसलेल्या दोन खेळाडूंपैकी एकाने निर्बंध न मानणारा वीर घडविला आणि दुसऱ्याने व्रतस्थ वीर, तर भरपाई नसता दुसरा प्रत्येक प्रसंगी दुबळा ठरेल. खेळाडूंना समान संधी मिळावी यासाठी प्रत्येक निर्बंधाचे मोल दिले पाहिजे. उलट शीलाची अट अशी की निर्बंध मोबदल्यावाचून पाळला जावा. खेळाडूंमधील न्याय भरपाई मागतो, पात्राची नीती भरपाई नाकारते. एक पाळावे तर दुसऱ्याला बाध येतो. सुपरहिरो-खेळांच्या नियमांचा बराचसा इतिहास या पेचातून मार्ग काढण्याचा इतिहास म्हणून वाचता येतो.

एक मार्ग तात्काळ सुचतो. गुण मिळतात ते खेळाडूला, व्रत असते ते पात्राचे, आणि पात्राला गुणांची वार्ताही नसते. हरिश्चंद्राची भूमिका करणाऱ्या नटाला बिदागी मिळते, म्हणून हरिश्चंद्राचा त्याग विकलेला ठरत नाही. हा युक्तिवाद नाटकापुरता निर्दोष आहे, कारण हरिश्चंद्र काय करणार हे संहितेने आधीच ठरविलेले असते आणि नटाच्या हाती फक्त ते दाखविणे असते. भूमिकाखेळात संहिता नसते. पराभूत शत्रू पायाशी पडला आहे, तो सुटला तर उद्या पुन्हा माणसे मारणार, अशा क्षणी निर्णय खेळाडूच घेतो. ज्याने बिदागी घेतली तोच येथे कृतीही निवडतो. नट आणि पात्र यांच्यामधील भिंत नेमकी निवडीच्या क्षणी पातळ होते. अॅरिस्टॉटलच्या मते शील निवडीतून प्रकट होते. तसे असेल, तर येथे प्रकट होणारे शील कोणाचे, हा प्रश्न टळत नाही.

नियमावलीतील दरपत्रक पाहिले म्हणजे पेच अधिक तीव्र होतो. मानसिक बंधनाचे मोल दोन गोष्टींवर ठरते : ते आड येण्याचे प्रसंग किती वेळा उद्भवतील, आणि त्याची पकड किती घट्ट आहे. सौम्य बंधनाला पकडीबद्दल काहीच मिळत नाही, दृढ बंधनाला 5 गुण अधिक मिळतात, संपूर्ण बंधनाला 10. निवडीला जितका कमी वाव उरतो तितकी किंमत वाढते. ज्याच्या मनात मोह उठतो आणि जो दर वेळी तो मोह आवरतो, त्याला थोडे गुण. ज्याच्या मनात मोहाला जागाच नाही, त्याला सर्वांत अधिक. पंख नसलेल्या मनुष्याने उडण्याचा त्याग केला असे कोणी म्हणत नाही. मोडताच न येणारे व्रतही पंखांच्या अभावासारखेच स्वभावाचे वर्णन होऊन बसते. नियम सर्वाधिक मोल देतो ते नीतीचा अंश सर्वांत कमी असलेल्या बंधनाला.

व्रत आणि शक्ती यांची अशी सांगड महाभारताच्या वाचकाला अपरिचित नाही. देवव्रताने ब्रह्मचर्याची आणि राज्यत्यागाची प्रतिज्ञा केली, आणि शंतनूने त्याला इच्छामरणाचा वर दिला. खेळाच्या भाषेत सांगावयाचे तर एका संपूर्ण बंधनाच्या मोबदल्यात एक असामान्य शक्ती मिळाली. परंतु प्रतिज्ञा वरासाठी नव्हती. वर नंतर आला, अनपेक्षित आला, आणि क्रमातील हा फरकच दान आणि सौदा यांतील फरक आहे. भीष्माची खरी परीक्षा तर पुढे झाली. विचित्रवीर्याच्या मृत्यूनंतर, जिच्या विवाहासाठी प्रतिज्ञा केली होती त्या सत्यवतीनेच ती बाजूला ठेवण्याची विनंती केली, आणि भीष्माने नकार दिला. व्रताचे प्रयोजन संपले होते, व्रत उरले होते. इरावती कर्वे यांनी 'युगान्त'मध्ये (1967) भीष्माच्या त्यागाकडे नुसत्या आदराने न पाहता त्याच्या परिणामांचीही चिकित्सा केली. तिला वाव मिळतो तो भीष्म नकार न देण्यास मोकळा होता म्हणून. त्या मोकळेपणावाचून तो स्तुतीचाही विषय झाला नसता आणि दोषाचाही.

असे असूनही 'चॅम्पियन्स'च्या नियमांत एक तत्त्व आहे, जे या साऱ्या हिशेबाला वेगळे वळण देते. जी मर्यादा प्रत्यक्षात आड येत नाही तिला मोल नाही, असे ते तत्त्व. पाण्यात शक्ती नाहीशी होते असे नोंदविले आणि कथा सबंध वाळवंटात घडणार असली, तर त्या नोंदीबद्दल काहीही मिळता कामा नये. याचा अर्थ असा की आधी दिलेले गुण हे बक्षीस नसून कर्ज आहे, आणि त्याची फेड खेळात व्हावयाची आहे. अवलंबून असलेल्या आप्ताची नोंद केली, तर तो संकटात सापडण्याची शक्यता तीन फाशांवर ठरविलेली असते. बेरीज 11 किंवा त्याहून कमी आल्यास तो कथेत येणार असेल, तर दर शंभर प्रसंगांत सुमारे 62 वेळा तो येईल. अहत्येच्या व्रताला मात्र फासा नाही. ते केव्हा आड यावे हे सूत्रधाराच्या विवेकावर सोपविलेले आहे. मारण्याचा मोह व्हावा असा शत्रू त्याने कधी समोर आणलाच नाही, तर व्रत फुकट मिळालेल्या 20 गुणांची पावती होऊन राहते. व्रताचे खरेपण व्रतस्थाच्या कागदावर नसून इतरांच्या हाती आहे, असे हा नियम नकळत सांगून जातो.

इतर खेळांनी हा व्यवहार वेगवेगळ्या काळी बसविला. टीएसआर कंपनीच्या 1984 च्या 'मार्व्हल सुपर हीरोज'मध्ये सत्कृत्यांनी साठणाऱ्या आणि फाशांचा निकाल सुधारण्यासाठी खर्ची पडणाऱ्या पुंजीला चक्क 'कर्म' असे नाव आहे. वीराने हत्या केली तर ती सर्व पुंजी नष्ट होते. भारतीय परंपरेत कर्म भोगावे लागते, ते वाटेल तेव्हा खर्च करता येत नाही. येथे उसना घेतलेला शब्द बटव्यातील नाण्यासाठी वापरला गेला आणि नीतीला दंडाचे रूप आले. 'म्यूटंट्स अँड मास्टरमाइंड्स'च्या 2011 च्या तिसऱ्या आवृत्तीत पात्र घडविताना गुंतागुंतींबद्दल काहीच मिळत नाही. ती गुंतागुंत खेळात प्रत्यक्ष आड आली की त्या वेळी मोबदला मिळतो. कर्जाच्या जागी ही रोजची मजुरी आहे. 2016 च्या 'मास्क्स' या खेळात तर शक्तींना किंमतच नाही. तेथे तरुण वीराची स्वतःविषयीची प्रतिमा आकड्यांत मांडलेली असते, आणि ज्यांच्या मताला तो महत्त्व देतो त्यांच्या बोलण्याने हे आकडे सरकतात. दुसऱ्याच्या शब्दाने मन हलते, ही गोष्ट येथे नियमाने मोजली.

कर्ज, दंड, मजुरी या तिन्हींत मजुरी सर्वांत न्याय्य दिसते, कारण तीत फसवणुकीला वाव थोडा आहे. नीतीच्या दृष्टीने मात्र कर्जाचे रूपच अधिक अर्थपूर्ण ठरते. मजुरीत मागचे काही बांधील नसते, व्यवहार त्या त्या प्रसंगी पुरा होतो. कर्जात आजचा शब्द उद्याच्या मनुष्याला बांधतो, आणि उद्या तो मनुष्य बदललेला असण्याचा धोका त्यात असतो. व्रताचे स्वरूप नेमके हेच आहे.

कॉमिकमधील सुपरहिरोला ही फेड करावी लागत नाही, हे उंबेर्तो एको यांच्या सुपरमॅनवरील 1962 च्या निबंधाच्या आधारे म्हणता येते. जगाची व्यवस्था पालटू शकेल एवढे सामर्थ्य असलेला वीर चोर-दरोडेखोरांमागे धावण्यात रमतो, आणि त्याच्या कथेतील काळ असा धूसर ठेवलेला असतो की कोणतीही कृती त्याला झिजवीत नाही. अहत्येचे व्रतही तेथे पुष्कळदा बाहेरून आलेले असते. 1939 च्या आरंभीच्या कथांत माणसे मारणारा बॅटमन पुढे मारीनासा झाला, तो संपादकीय धोरणामुळे. त्याच्या विवेकाचे कारण कथेत नंतर भरले गेले. नियम आधी आणि अंतःकरण मागाहून, हा क्रम खेळाने निर्माण केलेला नाही. खेळाने तो कागदावर उघड केला एवढेच.

म्हणून मोल लावल्याने व्रत भ्रष्ट झाले, हा निष्कर्ष घाईचा ठरतो. आकड्याने विकत घेता येते ते व्रताचे उच्चारण. त्याचे पालन कोणत्याही दराने आगाऊ मिळत नाही. पात्र म्हणजे गुणविशेषांची यादी, असे मानणारी समीक्षा कागदावरच थांबते, आणि तिला 20 गुणांचे व्रत व 20 गुणांची अंगठी सारखीच दिसतात. पण अंगठी घेतल्याक्षणीच पूर्ण मिळालेली असते, व्रताचे अजून काहीच घडलेले नसते. शत्रू पायाशी पडतो, भोवतालचे खेळाडू गप्प होतात, आणि सूत्रधार विचारतो की आता काय करणार. ग्लॉकनचा प्रश्न पुन्हा विचारला जातो तो त्या वेळी, आणि त्याचे उत्तर दरपत्रकात नसते.