तेल : देणगी की ठेव?

जमिनीखालचे तेल ही ईश्वराने उपसण्यासाठी दिलेली देणगी, की पुढच्या पिढ्यांसाठी सांभाळायची ठेव? उत्तर अमेरिकेत या प्रश्नाचे उत्तर तेलविहिरींवरच दिले गेले. टेक्सासमध्ये ब्यूमाँटजवळच्या टेकाडाखाली तेल असल्याचे छातीठोकपणे सांगणारा पॅटिलो हिगिन्स बाप्टिस्टांच्या रविवारच्या शाळेत शिकवत असे. 1892 मध्ये काढलेल्या कंपनीला त्याने आपल्या वर्गातील ग्लॅडिस या मुलीचे नाव दिले. 10 जानेवारी 1901 रोजी त्या टेकाडावर, म्हणजे स्पिंडलटॉपवर, तेलाचा फवारा शंभर फुटांहून उंच उडाला आणि नऊ दिवस कोणाला आवरला नाही. पुढे कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतातील तेलवाळूत पैसा ओतणारे जे. हॉवर्ड प्यू निष्ठावान प्रेस्बिटेरियन होते. 1967 मध्ये तो प्रकल्प सुरू झाला तेव्हाचे अल्बर्टाचे प्रीमियर अर्नेस्ट मॅनिंग रेडिओवर प्रवचने देत. उपसा म्हणजेच देणगीचे चीज, अशी ही धारणा.

ठेवीच्या बाजूने बराच काळ भूगर्भशास्त्राने साक्ष दिली. अमेरिकेचे उत्पादन उशिरात उशिरा 1970 च्या सुमारास शिखर गाठून उतरेल, असे एम. किंग हबर्ट यांनी 1956 मध्ये मांडले. घडलेही तसेच : 1970 मधील रोजचे सुमारे 96 लाख पिंप 2008 पर्यंत 50 लाखांवर आले. मग शेल खडकात आडवी विहीर खोदून पाण्याच्या दाबाने तो फोडण्याचे तंत्र रुळले आणि 2024 मध्ये उत्पादन 132 लाखांवर गेले.

संयमाचे काम टंचाईवर सोपवण्याची सोय त्यामुळे उरली नाही. देणगीवाद्यांचा ‘गरज’ हा आधारही डळमळीतच आहे. अमेरिकेतील पेट्रोलचा खप 2018 मध्ये रोज सुमारे 93 लाख पिंपांवर होता. पुढे तो घटला, उपसा मात्र वाढला. 2020 पासून कच्चे तेल आणि शुद्ध उत्पादने मिळून देशाची निर्यात आयातीपेक्षा जास्त आहे.

ठेव म्हणावी, तर ती कोणाची? तत्त्वज्ञ डेरेक पारफिट यांनी 1984 मध्ये नेमके साधनसंपत्ती जपण्याचे की संपवण्याचे उदाहरण घेऊन पेच दाखवला : धोरण बदलले की काळाच्या ओघात जन्माला येणारी माणसेच बदलतात, मग नुकसान झाले ते कोणाचे? म्हणून साधने संपवणे गैर नाही, असा निष्कर्ष खुद्द पारफिट यांनी काढला नाही, आणि ते योग्यच होते.

ठेवीच्या बाजूने धर्माचा आवाजही उठला : खनिज इंधने विनाविलंब टप्प्याटप्प्याने बदलावीत, असे पोप फ्रान्सिस यांनी जून 2015 मध्ये लिहिले. त्याच डिसेंबरात अमेरिकेने कच्च्या तेलावरील 1975 पासूनची निर्यातबंदी उठवली.