जात्याचे पीठ आणि जात्याची ओवी

भोर आणि वेल्हे तालुक्यांतल्या डोंगरी गावांत पिठाची गिरणी आली, तसे घरातले जाते थांबले आणि जात्यावरची ओवीही थांबली. कष्ट संपले याचा आनंद मानावा, तर त्याच कष्टांतून आलेले गाणे गेल्याचे दुःख कोणत्या तोंडाने करावे? हा पेच मांडायला दोन पात्रे पुरतात. एक अर्थशास्त्राचा प्राध्यापक, दुसरी संगीताची अध्यापिका. दोघे नसरापूरहून वेल्ह्याच्या वाटेला लागलेले.

प्राध्यापक ॲडम स्मिथपासून सुरुवात करतो. स्मिथने १७७६ च्या ग्रंथात गायक-वादकांचे श्रम अनुत्पादक ठरवले, कारण ते घडतात त्याच क्षणी विरून जातात.

"मग दळणाऱ्या बाईचे काय, सर?" अध्यापिका विचारते. "तिचे पीठ टिकते, गाणे विरते, पण दोन्ही एकाच फेऱ्यातून निघतात."

याला आल्फ्रेड मार्शलचे संयुक्त उत्पादन लागू पडते. भात पिकवला की पेंढाही हाती येतो; दोहोंचा खर्च वेगळा काढता येत नाही. ओवीला स्वतंत्र खर्च नव्हता. गिरणीने दळण स्वस्त केले आणि गाण्याचा पुरवठा आटला; ऐकणाऱ्यांना ते हवे होते की नको, याचा त्यात संबंधच आला नाही.

"गाण्यासाठी कुणी जाते ओढत नव्हते, मॅडम. जाते ओढवत नव्हते म्हणून गाणे आले."

हे अर्धेच खरे आहे. दळणाऱ्या दोघी समोरासमोर बसत, एकाच खुंट्याला हात लावत. एक ओवी म्हणे, दुसरी उचलून धरी. चालीला बाया 'गळा' म्हणत. माहेर, सासर, दूर गेलेला भाऊ, विठ्ठल हे सारे त्या गळ्यात येई, कारण ते बोलायला दुसरी जागा नव्हती. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी शेजारच्या मुळशीपासून महाराष्ट्रभरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्या वाचताना लक्षात येते, की हे विरंगुळ्याचे गाणे नव्हे; बाईने स्वतःच्या आयुष्यावर दिलेली साक्ष आहे.

अर्थशास्त्राने मात्र त्या बाईला कामकरी मानलेच नाही. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या रोजगारविषयक पाहणीत घरच्यापुरते दळण-कांडण करणारी स्त्री श्रमशक्तीबाहेर धरली जाते. देशभरची पहिली वेळ-वापर पाहणी थेट २०१९ मध्ये झाली. गिरणीने किती तास वाचवले हे मोजण्याआधीच जाते बंद पडले होते. त्याहून महत्त्वाचे, वाचलेला वेळ बाईच्या मालकीचा झाला का? पाणी, सरपण, भातखाचरे यांनी तो आधीच मागून ठेवलेला होता. प्राध्यापकाला इथे आपल्या शास्त्राची बाजू घेता येत नाही, आणि तो घेतही नाही.

तो गाणे टिकवण्याचा एक उपाय पुढे करतो. विल्यम बाउमोल आणि विल्यम बोवेन यांनी १९६६ मध्ये दाखवले, की इतर उद्योगांची उत्पादकता वाढली तरी चौघांच्या वाद्यवृंदाला तीच रचना वाजवायला तितकाच वेळ लागतो. त्यामुळे कलेचा खर्च चढत जातो आणि तिला अनुदान लागते. मग ओवीलाही द्यावे. तोरणा, राजगडावर येणारे प्रवासी ऐकतील, बायांना मानधन मिळेल.

"त्या जात्यात दाणे वैरले तरी पीठ कुणाला हवे असेल?" अध्यापिका म्हणते. "प्रवासी समोर बसला की ती त्याच्यासाठी गाणार. मनातले बोलणार नाही."

प्राध्यापकाला हे लागते, कारण तोही प्रवासीच आहे. आपल्याला नको असलेले कष्ट दुसऱ्याने गाण्यापुरते करावेत, अशी मागणी त्याच्या ऐकण्याच्या ओढीत दडलेली आहे. ध्वनिमुद्रण ही मागणी करत नाही. गाणारीचे नाव आणि गाव राखून गळा जपते. संग्रहाचे मोल दोघांनाही मान्य आहे.

मतभेद उरतो तो जागेचा. बाया आता बचत गटाच्या बैठकीत एकत्र बसतात, बोलतात, आणि तिथे पैशाचा निर्णयही त्यांच्या हाती असतो, याकडे प्राध्यापक लक्ष वेधतो. अध्यापिकेला ही प्रगती खरी वाटते, पण ती जात्याची जागा भरून काढते असे नाही. बैठकीत हप्त्याविषयी बोलता येते. सासूविषयी नाही, कारण बैठकीला सासूही असते.