खोट्याच्या मुखीं खरा उपदेश



खेडोपाडीं उपदेशासाठीं फिरणाऱ्याला एक प्रश्न पुष्कळ वेळां ऐकावा लागतो: "बोलणाराच जर बोलल्याप्रमाणें वागत नाहीं, तर त्याचें बोलणें आम्हीं कां ऐकावें?" प्रश्न उद्धटपणाचा वाटतो, पण तो टाळण्याजोगा नाहीं. उपदेशकाचें आचरण वाईट असल्यास त्याचा उपदेशही खोटा ठरतो काय? आणि उपदेश खराच राहत असेल, तर उपदेशकानें आपल्या आचरणाची चिंता तरी कां करावी? सहाशें वर्षांहून अधिक काळापूर्वीं इंग्लंडांतील दोन कवींनीं ह्या गोष्टीचा फार खोल विचार केला होता. तो आज आपणांपुढें ठेवण्याचें योजिलें आहे.

तो काळ मोठा कठीण होता. सन १३४८ मध्यें त्या देशांत प्लेगची महामारी शिरली व थोड्याच काळांत निदान एकतृतीयांश लोक मृत्युमुखीं पडले. मजूर कमी झाले, मजुरी वाढूं लागली. तेव्हां १३५१ च्या कायद्यानें ती जुन्या दरावर बांधून टाकण्यांत आली. १३८१ मध्यें शेतकऱ्यांचें मोठें बंड झालें. एकानें प्रार्थना करावी, दुसऱ्यानें लढावें व तिसऱ्यानें राबावें, असे तीन वर्ग देवानें नेमले आहेत, असें तेव्हां शिकविलें जात असे. राबणारा राबतच होता. परंतु प्रार्थना करणारे आपलें काम करीत आहेत काय, ही शंका लोकांच्या मनांत बळावली होती.

जेफ्री चॉसर हा राजदरबारीं चाकरी केलेला कवि १४०० सालीं वारला. 'कँटरबरीच्या कथा' हें त्याचें काव्य अपुरेंच राहिलें. कँटरबरीच्या मुख्य देवळांत आर्चबिशप टॉमस बेकेट ह्याचा ११७० मध्यें खून झाला होता, व त्याच्या कबरेच्या दर्शनास लोक देशभरांतून जात. अशाच एका जथ्यांतील यात्रेकरू वाटेनें गोष्टी सांगत चालले आहेत, अशी ह्या काव्याची रचना आहे.

त्या जथ्यांत एक क्षमापत्रें विकणारा आहे. उशीचा अभ्रा दाखवून तो म्हणतो, हा पवित्र मरीयेचा बुरखा. डुकराचीं हाडें कांचेच्या पात्रांत घालून तो तीं पूज्य अवशेष म्हणून मांडतो. आपली लबाडी तो सोबत्यांपासून लपवीतही नाहीं. माझ्या उपदेशाचा विषय नेहमीं एकच, द्रव्यलोभाचा निषेध. आणि माझा हेतुही एकच, लोकांचें द्रव्य, असें तो उघड सांगतो. गरिबांतल्या गरीब विधवेचीं मुलें उपाशीं मेलीं तरी मी तिच्याकडूनही घेईनच, असें बोलावयास त्याला लाज वाटत नाहीं.

मग तो गोष्ट सांगतो. प्लेगच्या दिवसांत तीन दारूबाज तरुण मृत्यूला ठार मारण्यास निघतात. तो कोठें सांपडेल असें ते एका म्हाताऱ्याला विचारतात, व तो एका झाडाकडे बोट दाखवितो. तेथें मृत्यु दिसत नाहीं. सोन्याच्या नाण्यांचा ढीग दिसतो. सर्वांत धाकटा अन्न आणावयास जातो व द्राक्षारसांत विष कालवितो. मागें राहिलेले दोघे त्याला मारण्याचा बेत करितात. तो परत येतांच ते त्याला ठार करितात, आणि तोच द्राक्षारस पिऊन स्वतःही मरतात. ज्याला शोधीत होते, तो त्यांना भेटला.

ही गोष्ट खोटी आहे काय? लोभाविरुद्ध इतका परिणामकारक उपदेश क्वचितच कोणी केला असेल. तो लबाड स्वतःच म्हणतो कीं, माझ्या बोलण्यानें लोक लोभ सोडून पश्चात्ताप करितात, जरी तो माझा मुख्य हेतु नसतो.

चॉसरच्या सुमारें हजार वर्षें आधीं आफ्रिकेंतील ऑगस्टीन ह्यानें डोनाटसपंथी लोकांशीं वाद करितांना हाच प्रश्न हातीं घेतला होता. अपात्र सेवकानें दिलेला बाप्तिस्मा निष्फळ होय, असें त्या पंथाचें म्हणणें. ऑगस्टीन म्हणे, दान ख्रिस्ताचें आहे, सेवकाचें नव्हे. दगडी पाटांतून पाणी बागेला जातें. पाटांत कांहीं उगवत नाहीं, पण म्हणून बाग सुकत नाहीं.

ऐकणाराला ह्यांत उत्तर मिळालें. पण त्या पाटाचें काय? चॉसरचा दृष्टांत येथेंच आपल्या हृदयाला भिडतो. गोष्ट संपल्यावर क्षमापत्रविक्या क्षणभर म्हणतो कीं, ख्रिस्ताची क्षमा हीच सर्वांत उत्तम. आणि लगेच आपले अवशेष व क्षमापत्रें पुढें करून पैसे मागूं लागतो! सत्य त्याच्या ओठांवर येऊन गेलें, पण आंत उतरलें नाहीं. रोज बोलून बोलून तें केवळ जिभेच्या सवयीचें झालें होतें. अज्ञानी मनुष्याला तें कधींतरी प्रथम ऐकण्याची आशा असते. ज्यानें तें विकावयास मांडलें, त्यानें तें आतां कोणाकडून ऐकावें?

त्याच जथ्यांत एक मठाधिकारिणी आहे. सांपळ्यांत सांपडलेला उंदीर पाहून तिला रडूं येतें. पण तिनें सांगितलेली गोष्ट यहूद्यांनीं एका ख्रिस्ती बालकाचा खून केल्याची आहे, आणि त्यांना झालेली भयंकर शिक्षा वर्णितांना तिच्या डोळ्यांतून टिपूसही येत नाहीं. इंग्लंडांतून तर यहूदी लोकांना १२९० मध्येंच हांकून दिलें होतें. असल्या खोट्या आरोपांपायीं त्या लोकांचे अनेक बळी गेले. कवीनें हा तिचा दोष म्हणून दाखविला, कीं त्याचेंही मत तसेंच होतें, ह्याविषयीं विद्वानांत मतभेद आहे. धडा मात्र स्पष्ट आहे: भक्तिमानाच्या मुखींही खोटा उपदेश येऊं शकतो. म्हणून उपदेशकाची भक्ति पाहून त्याचें सर्व बोलणें स्वीकारणें हेंही, त्याचें आचरण पाहून सर्व टाकून देण्याइतकेंच घातक आहे.

आतां दोन भाऊ पाहा: एक गरीब खेडेगांवचा पाळक, दुसरा नांगऱ्या. पाळकाची मंडळी दूरदूर पसरलेली. तरी पाऊस पडो कीं वीज कडाडो, तो हातीं काठी घेऊन पायीं आजाऱ्याच्या दारीं जातो. दशमांश थकला म्हणून कोणाला मंडळीबाहेर टाकणें त्याला आवडत नाहीं. उलट आपल्याच मिळकतींतून तो गरिबांस देतो. आपला कळप सोडून लंडनच्या सोप्या कमाईमागें तो गेला नाहीं. त्याची कृति आधीं आणि शिकवण मागून. त्याचा भाऊ खत वाहतो व गरीब शेजाऱ्याची मळणी, खोदाई वेतनावांचून करून देतो. त्याच्या तोंडीं कवीनें एकही गोष्ट घातलेली नाहीं. त्याचें कामच बोलतें.

त्याच काळचा कवि विल्यम लँगलंड ह्यानें तर नांगऱ्यालाच पुढारी केलें. त्याच्या स्वप्नांत लोक सत्याच्या शोधास निघतात, पण वाट कोणालाच ठाऊक नाहीं. देशोदेशींच्या तीर्थांच्या खुणा अंगावर मिरविणारा यात्रेकरूही सांगतो कीं, ह्या संताची चौकशी करणारा मला आजवर कोणी भेटला नाहीं. तेव्हां पिअर्स नांवाचा नांगऱ्या पुढें येतो. वाट मी दाखवितों, पण आधीं माझा अर्धा एकर नांगरून होऊं द्या, असें तो म्हणतो, आणि सर्वांना हात लावावयास सांगतो. सरदारही नांगर धरावयास शिकण्याची तयारी दाखवितो. आळशांना वठणीवर आणण्यास मात्र भुकेला बोलवावें लागतें. लँगलंड आपल्या मंडळींत राहूनच तिच्या दोषांसाठीं कळवळत होता. १५५० मध्यें रॉबर्ट क्रौली ह्या सुधारणापक्षीयानें त्याचें काव्य छापून प्रसिद्ध केलें.

मला माझा स्वतःचा एक रविवार आठवतो. क्षमेविषयीं उपदेश करून मी देवळाबाहेर आलों, तों एक वृद्ध बाई पुढें येऊन म्हणाल्या, "पाळकसाहेब, मी आज जावेशीं समेट करीन." त्या वेळीं मी माझ्या सख्ख्या भावाशीं वर्षभर बोललों नव्हतों. पाणी त्या बाईंच्या शेताला पोहोंचलें होतें. मी मात्र दगडी पाटच राहिलों होतों. त्या रात्रीं मीं भावाला पत्र लिहिलें. तें लिहिणें कोणत्याही उपदेशाहून कठीण गेलें.

तेव्हां ऐकणाऱ्या बंधुभगिनींनो, पाट वाईट म्हणून पाणी नाकारूं नका. पण पाणी गढूळ आहे कीं निर्मळ, हें पाहिल्यावांचून पिऊंही नका. आणि उपदेशक बंधूंनो, आपल्या शब्दांनीं दुसऱ्यांचीं शेतें पिकलीं एवढ्यावर समाधान मानूं नका. उपदेशास उभें राहण्यापूर्वीं आपला अर्धा एकर नांगरला आहे काय, हें एकदां पाहून या.