कागद घराचे, इतिहास गावाचा

जुने कागद ज्याच्या घरात सापडतात त्याच्याच मालकीचे, हे कायद्याने खरे असेल. नीतीने ते तितकेच खरे आहे काय? कोल्हापुरात मुलांना इतिहास शिकविणाऱ्या माझ्यासारख्या मास्तराला हा प्रश्न टाळता येत नाही.

३१ जुलै १८५७ च्या रात्री येथील सत्ताविसाव्या पलटणीतले शिपाई उठले. डिसेंबरात बंडवाल्यांनी शहराचे दरवाजे लावून घेतले; कर्नल जेकब दरवाजा फोडून आत शिरला. गादीवरचे बाबासाहेब महाराज इंग्रजांच्या बाजूस राहिले. त्यांचे धाकटे बंधू चिमासाहेब यांना मात्र बंडाच्या संशयावरून कराचीस नेण्यात आले. १८६९ साली ते तेथेच वारले. एकाच वाड्यातले हे दोन भाऊ! जेकबने आपली हकिकत १८७१ साली पुस्तकरूपाने छापली. जिंकणाऱ्याला छापखाना मिळतो. हरणाऱ्याच्या वाट्याला माळ्यावरचे दप्तर येते.

दरबारचे कागद पुरालेखागारात सुरक्षित आहेत. प्रश्न आहे तो घरोघरी रुमालांत बांधून ठेवलेल्या मोडी कागदांचा. एका गृहस्थांकडे मी ते पाहावयास मागितले, तेव्हा ते म्हणाले, "मास्तर, आमच्या पूर्वजाचे नाव नको त्या बाजूला निघाले तर?"

या भीतीला मी हसत नाही. पण १८४४ चे गडकरी पाहा. सामानगड-भुदरगडावरचे हे लोक उठले, ते आपल्या वंशपरंपरागत जमिनी मामलेदाराच्या हाती गेल्या म्हणून. पोटासाठी उठले म्हणून त्यांचे शौर्य खोटे ठरत नाही. मग मुलाबाळांकडे पाहून जो गप्प बसला, तोही केवळ तेवढ्याने हरामखोर ठरत नाही. माणसे अशीच असतात. इतिहास त्यांचाच असतो.

आणि समजा, सर्वांनीच आपापल्या घरचे भित्रेपण लपविले, तर काय उरेल? सारे गाव शूर होते, असा एक गोड समज. मग जे थोडे खरोखर उभे राहिले त्यांनी कशाच्या विरुद्ध, कुणाकुणाला सोडून पाऊल उचलले, हे मुलांना कळणार कसे? आपल्या पूर्वजाची भीती झाकताना आपण दुसऱ्याच्या पूर्वजाच्या धैर्याची किंमत कमी करीत असतो.

मूळ कागद घरात राहोत. नक्कल मात्र गावाला मिळावी. पूर्वजांचे नाव आपण अवश्य जपावे. पण त्यांच्या नावावर खोटे जमा करण्याचा अधिकार त्यांनी आपल्याला दिलेला नाही.