‘तेथें होतेंच कोण?’

सुटींत भडगांवीं, मे महिन्याच्या उन्हांत, गिरणेच्या कोरड्या पात्राकडे पाहत हिमप्रदेशाचा विचार करणें वाचकांस चमत्कारिक वाटेल. पण मराठी विद्वत्तेस ही खोड जुनीच आहे. लोकमान्य टिळकांनीं १९०३ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथांत आर्यांचें मूलस्थान थेट उत्तर ध्रुवाजवळ नेलें. तो सिद्धांत आज विद्वानांस मान्य नाहीं; त्यामागील बुद्धिवैभव मात्र अजूनहि थक्क करतें.

आमच्या घरच्या मुलांनीं परवां याहून धीट खेळ मांडला. रशियाच्या झारानें १८६७ सालीं अलास्का अमेरिकेस ७२ लक्ष डॉलरांना विकलाच नसता तर? एकानें तेथें रशियन आरमार आणलें, दुसऱ्यानें अणुबाँब. आम्हींहि हिरीरीनें एकदोन लढाया सुचविल्या. इतक्यांत धाकट्या पुतणीनें विचारलें, “काका, आणि तिथले लोक?” आम्ही बोलून गेलों, “तेथें होतेंच कोण फारसें!”

हें उत्तर आम्हांस रात्रभर टोचत राहिलें. तेथें त्लिंगित होते, अल्यूत होते, इतर अनेक जमाती होत्या. करारानें त्यांस असंस्कृत ठरवून नागरिकत्वाच्या हक्कांतून वगळलें. संमति कोणी विचारलीच नाहीं. पुढें १९७१ च्या कायद्यानें सुमारें ४ कोटि ४० लक्ष एकर जमीन व ९६ कोटींहून अधिक डॉलर देऊन त्यांचे मूळ दावे मिटविण्यांत आले. जेथें ‘कोणी नव्हतें’ तेथें हे दावे कोणाचे होते?

इतक्या थोड्यांस एवढा मुलूख कशाला, असा आक्षेप निघतो. तो अगदींच पोकळ नाहीं. भुकेल्या लाखांचाहि भूमीवर कांहीं हक्क असतो. परंतु शिकारीवर व मासळीवर जगणारास रानाची आणि पाण्याची विस्तीर्णताच शेत असते. आपण नांगराचा तास शोधतों, तो दिसला नाहीं कीं जमीन मोकळी म्हणतों.

खानदेशांतहि हेंच झालें. १८१८ सालीं इंग्रजांच्या हातीं आला तेव्हां हा मुलूख उजाड होता, हें खरें. लढायांनीं व दुष्काळानें गांवेंच्या गांवें उठलीं होतीं. पण सातपुड्यांत भिल्ल होते. सरकारदरबारीं त्यांची गणना झाली ती बहुधा उपद्रव म्हणून, आणि १८२५ पासून औटरमच्या पलटणींतील शिपाई म्हणून.

आमच्या पणजोबांच्या जमिनीचा एक जीर्ण कागद घरांत आहे. सकाळीं तो काढून पाहिला. जमिनीचें वर्णन एकाच शब्दांत आहे: पडीत. पुतणी शेजारीं उभी राहून अक्षरें लावीत होती. तिनें त्या शब्दाचा अर्थ विचारला, तेव्हां आम्हांस चटकन् सांगतां आला नाहीं.