उन्हाचा अभिमान

मनुष्याला आपल्या गावाच्या गुणांचा अभिमान असावा, ह्यात नवल नाही. नवल हे की, गावाच्या दोषांचाही त्याला तितकाच, किंबहुना काकणभर अधिकच अभिमान असतो. कोकणातला रहिवासी आपल्या पावसाविषयी तक्रार करतो, तेव्हा त्याच्या मुद्रेवर दुःख क्वचितच दिसते. आणि आम्ही खानदेशकर उन्हाचे वर्णन करू लागलो म्हणजे आमच्या वाणीला जे तेज चढते, ते केळीचे किंवा कापसाचे वर्णन करताना सहसा चढत नाही. बदली होऊन वरणगावास येऊ घातलेल्या एखाद्या गृहस्थाने ‘तुमच्याकडची हवा कशी काय?’ एवढे विचारण्याचाच अवकाश. चार मंडळी त्याच्याभोवती जमतात आणि ‘भाऊ, इकडे कायले येता?’ येथून आरंभ होतो. आमच्याकडे ऋतू दोनच, एक उन्हाळा व दुसरा कडक उन्हाळा. आमची कोंबडी अंडे घालते ते उकडलेलेच. भुसावळचा एक मनुष्य मरून नरकात गेला, तो तिसऱ्याच दिवशी घोंगडी न्यावयास परत आला, कारण तेथील गारठा त्याला सोसेना! सांगणारे हसतात, ऐकणाराही हसतो. आणि पंधरा दिवसांनी तो गृहस्थ सहकुटुंब दाखल होतो.

ह्या थट्टेत ‘येऊ नका’ असे म्हटलेले असते. ते खरे असते काय? आणि खरे नसले, तरी थट्टेतही तसे म्हणण्याचा अधिकार आपल्याला कोठून प्राप्त होतो? प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक आहे. परंतु एखाद्या भूमीवर कोणाचा हक्क किती, आणि तेथे नव्याने येणाऱ्याविषयी जुन्यांचे कर्तव्य काय, हे दोन गंभीर प्रश्न त्याच्या पोटात दडलेले आहेत. म्हणून त्याचा थोडा विचार करावयाचा आहे.

थट्टेचा पाया खोटा नाही, हे प्रथम मान्य केले पाहिजे. उत्तरेस सातपुडा व दक्षिणेस अजिंठ्याचे डोंगर ह्यांच्यामधल्या खोलगट पट्ट्यातून तापी पश्चिमेकडे वाहत जाते. समुद्रावरून निघालेला वारा येथवर पोहोचेपर्यंत त्यात ओलावा फारसा उरत नाही, आणि काळी जमीन दिवसभर तापत राहते. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या पलीकडे गेला, तर त्याची कोणी विशेष बातमी मानीत नाही. परंतु ऊन आमचे असले, तरी थट्टा मात्र केवळ आमची नव्हे. मार्क ट्वेनने १८७२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘रफिंग इट’ ह्या पुस्तकात अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडील वाळवंटातल्या फोर्ट यूमा ह्या लष्करी ठाण्याविषयी जवळजवळ हीच गोष्ट सांगितली आहे. तेथला एक दुष्ट शिपाई मेला, नरकाच्या सर्वांत तप्त कोपऱ्यात गेला, आणि दुसऱ्या दिवशी त्याने तार करून आपली पांघरुणे मागविली. ट्वेनही ती गोष्ट आपली म्हणून सांगत नाही; दुसऱ्याच्या नावावर घालतो. तात्पर्य, जेथे जेथे ऊन आहे तेथे तेथे ही घोंगडी आहे, आणि प्रत्येक गावाला ती आपल्याच मागावर विणलेली वाटते.

असे का व्हावे? ॲरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्राच्या चौथ्या भागात सत्यशीलतेचा विचार करताना बढाईखोर मनुष्य आणि मुद्दाम कमीपणा घेणारा मनुष्य अशी दोन टोके कल्पिली आहेत. तेथेच त्याने एक मार्मिक गोष्ट सुचविली आहे. अतिरेकी कमीपणा हीदेखील कधी कधी बढाईच असते, असे तो म्हणतो व स्पार्टाच्या लोकांच्या साध्या पोशाखाचा दाखला देतो. आमचे ऊन हा आमचा स्पार्टन पोशाख आहे. ‘येथे राहणे कठीण’ ह्या वाक्याचा अनुच्चारित उत्तरार्ध ‘आणि आम्ही राहतो’ असा असतो. ह्या निरुपद्रवी आत्मगौरवाला कोणी नावे ठेवू नयेत. ज्या प्रदेशाला महाबळेश्वरची थंडी किंवा मुंबईचे वैभव मिळाले नाही, त्याने आपल्या सहनशीलतेवर थोडी मिजास करावी, हे मनुष्यस्वभावाला धरूनच आहे.

परंतु मिजासीच्या मागोमाग एक तर्क हळूच घरात शिरतो, आणि तो निरुपद्रवी नाही. ‘आम्ही सोसले, म्हणून हे आमचे’ असा तो तर्क होय. सोसणे हे जर मालकीचे खत असेल, तर ते कोणाच्या नावाने लिहावे लागेल, हे पाहावे. जे विद्वान, वकील, व्यापारी व नोकरदार ह्या गोष्टी रंगवून सांगतात, ते बहुतेक पंख्याखाली किंवा कूलरसमोर बसलेले असतात. ऐन दुपारी तापलेल्या रुळांवर काम करणारा रेल्वेचा गँगमन आणि केळीचा घड खांद्यावर घेऊन बांधापर्यंत येणारा मजूर ह्यांच्या तोंडून उन्हाची थट्टा फारशी ऐकू येत नाही. सोसण्याने जमीन मिळत असती, तर ह्या पट्ट्यातील उत्तम बागा त्यांच्या असत्या. त्या तशा नाहीत, आणि त्या तशा व्हाव्यात असे थट्टा करणारांपैकी कोणी सुचविल्याचे ऐकिवात नाही. अर्थात हा तर्क आपण आपल्यापुरताच वापरतो. आणि जो तर्क स्वतःपुरताच लागू पडतो, त्याला तर्क न म्हणता सोय म्हणणे बरे.

शिवाय ‘आम्ही’ म्हणजे कोण? लेवा समाजाची परंपरा आपले पूर्वज गुजरातेतून आल्याचे सांगते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी दुष्काळाने व लुटालुटीने खानदेशातील गावेच्या गावे ओस पडली होती; १८१८ मध्ये हा प्रांत इंग्रजांच्या ताब्यात गेला तेव्हा ह्या जमिनीला सर्वांत मोठी उणीव होती ती माणसांची. पुढे १८६० नंतरच्या दशकात रेल्वे आली व भुसावळ नावाचे जंक्शन उभे राहिले. तेथे कोठकोठचे लोक आले, ह्याची गणती करावयाची तर हिंदुस्थानचा नकाशाच पुढे घ्यावा लागेल. खुद्द वरणगावास १९६४ साली दारूगोळ्याचा कारखाना निघाला व त्याच्या वसाहतीत पाच-सहा भाषा बोलल्या जाऊ लागल्या. आज ‘कायले येता?’ म्हणून विचारणारांत त्या वसाहतीत जन्मलेली मुलेही असतात! फार काय, ज्या केळीचा आम्हांला एवढा अभिमान, तिचे आज बागांतून सर्वत्र दिसणारे ‘ग्रँड नैन’ हे वाणही गेल्या शतकाच्या अखेरीस बाहेरून येऊनच येथे रुजले. त्याला कोणी उन्हाची भीती घातली नाही. उलट पाणी घातले.

आणि बाहेरून आलेल्यांनी ह्या भूमीला काय दिले, हे तर महाराष्ट्राला ठाऊकच आहे. साने गुरुजी कोकणातल्या पालगडचे. ते अमळनेरला आले, १९२४ ते १९३० पर्यंत तेथे शिक्षक होते, आणि पुढे खानदेशच्या शेतकऱ्या-कामकऱ्यांचेच झाले. इतिहासाचार्य राजवाड्यांनी आपले अखेरचे दिवस धुळ्यास काढले व १९२६ च्या अखेरच्या दिवशी तेथेच देह ठेवला. त्यांचे नाव धारण करणारे संशोधन मंडळ पुण्यास नसून धुळ्यास आहे. विनोबांनी गीतेवरील आपली अठरा प्रवचने दिली ती धुळ्याच्या तुरुंगात, १९३२ च्या २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत. म्हणजे खानदेशचा संपूर्ण उन्हाळा त्यांत आला. बोलणारे विनोबा कोकणात जन्मलेले, लिहून घेणारे साने गुरुजीही कोकणचेच, आणि स्थळ असे की जेथे स्वेच्छेने कोणी जात नाही. त्या उन्हाळ्यावर खानदेशने हक्क सांगावा तो अशा पाहुण्यांच्या जोरावर.

पण ‘पाहुणा’ हा शब्द लिहिताना खरी अडचण ध्यानात येते. अतिथीला देव मानण्याचा उपदेश तैत्तिरीय उपनिषदात आहे आणि तो आपण मोठ्या गौरवाने सांगतो. तथापि अतिथी कोणाला म्हणावे, ह्याचा खुलासा मनुस्मृतीत सापडतो तो असा, की जो एक रात्र राहतो तो अतिथी. ज्याचे राहणे नित्याचे नाही, म्हणूनच त्याला ते नाव आहे. म्हणजे आपला देव दुसऱ्या दिवशी जाणारा आहे! पाश्चात्त्य विचारही ह्याहून फार पुढे गेला नाही. कांटने १७९५ च्या शाश्वत शांतीवरील निबंधात मनुष्यमात्राला कोठेही जाण्याचा, भेटीचा हक्क दिला आहे. पृथ्वी गोल असल्यामुळे माणसांना अनंत दूर पांगता येत नाही, एकमेकांना सोसून घेतलेच पाहिजे, आणि मुळात कोणत्याही जागेवर एकाचा हक्क दुसऱ्यापेक्षा अधिक नाही, अशी त्याची उपपत्ती आहे. परंतु राहण्याचा हक्क मात्र तो देत नाही; त्यासाठी वेगळा करार हवा, असे म्हणतो. जो येतो व जातो त्याचा विचार मनूने केला, कांटने केला. जो येतो व राहतो त्याचे काय? तो पाहुणा नव्हे आणि अद्याप शेजारीही नव्हे. ‘इकडे कायले येता?’ ही थट्टा नेमकी ह्या उंबरठ्यावर उभी असते. शास्त्र जेथे गप्प बसते तेथे लोक हसून वेळ मारून नेतात.

ह्या हसण्याचे पुढे काय होऊ शकते, ह्याचा एक धडा अमेरिकेतील ऑरेगॉन संस्थानाने दिला आहे. तेथील गव्हर्नर टॉम मॅकॉल ह्यांनी १९७१ साली पाहुण्यांना असे बजावले, की आमच्याकडे पुन्हा पुन्हा भेटीला या. पण कृपा करून राहावयास येऊ नका. वाक्य कांटच्या निबंधातून काढल्यासारखे आहे. ते सर्वत्र गाजले. लोक हसले, आणि तशा थट्टेची तेथे प्रथाच पडली. (मॅकॉल ह्यांचा स्वतःचा जन्म मॅसॅच्युसेट्समधला होता, ही गोष्ट अलाहिदा.) मॅकॉल ह्यांचा हेतू वाईट नव्हता, जमीन व नद्या बेसुमार वस्तीपासून वाचवाव्यात, ही त्यांची तळमळ खरी होती. परंतु त्याच संस्थानाच्या १८५७ च्या राज्यघटनेत कृष्णवर्णीयांनी तेथे येऊन राहू नये, जमीन घेऊ नये, असे कलम होते, आणि १९२६ पर्यंत ते पुसले गेले नव्हते. एकाच भूमीवर एकाच अर्थाचे वाक्य एकदा कायदा म्हणून उच्चारले गेले व एकदा विनोद म्हणून. विनोदाला कायद्याचा अपराध लावणे अन्यायाचे होईल. पण ज्याच्या आजोबाने ते वाक्य कायद्यात वाचले असेल, त्याला विनोदात हसू येणे कठीण आहे, एवढे विनोद करणाराने जाणले पाहिजे.

आमच्याकडे असे कलम कधी नव्हते. तरीही एक गोष्ट पाहण्याजोगी आहे. सातपुड्यातून केळीच्या कामासाठी जी पावरा व बारेला कुटुंबे उतरून येतात, त्यांना कोणी ‘इकडे कायले येता?’ म्हणून चिडवीत नाही. त्यांना यावेच लागते व आम्हांला ती हवीच असतात. पण ती येथलीच व्हावीत, असेही कोणी म्हणत नाही. थट्टा आपण बरोबरीच्या माणसाची करतो. त्या अर्थी आमची थट्टा हे नवागताला दिलेले एक मानाचे पानच असते. आणि ज्याच्या वाट्याला ती येत नाही, त्याच्यासाठी उंबरठाच नसतो.

ह्यावर कोणी म्हणेल, की भूमीला मर्यादा असते हे तर खरे ना? निःसंशय खरे आहे. यावल-रावेरच्या बागायती पट्ट्यात भूगर्भातील पाणी वर्षानुवर्षे खाली गेले आहे आणि विंधनविहिरींची खोली वाढत चालली आहे. उन्हाळेही पूर्वीसारखेच राहतील, असे आता कोणी शास्त्रज्ञ म्हणणार नाही. जी गोष्ट काल अतिशयोक्ती होती, ती आपल्या नातवांना साधी हकीकत वाटण्याचा संभव आहे. परंतु मर्यादेची गोष्ट बोलावयाची असेल तर ती सरळ शब्दांत बोलावी, आणि तीत प्रथम स्वतःला मोजावे. हे पाणी उपसले ते काल आलेल्या कारकुनाच्या दोन घागरींनी नव्हे. जुन्यांनी आपला वाटा न सांगता नव्यांना मर्यादा सांगणे, हा थट्टेचा नव्हे, लबाडीचा प्रकार होय.

मग थट्टा सोडून द्यावी काय? तसे वाटत नाही. सोसण्यापासून मालकी उत्पन्न होत नाही. परंतु ज्ञान उत्पन्न होते, आणि ज्ञानाचा धर्म ते देण्यात आहे. डोक्याला व कानाला रुमाल कसा गुंडाळावा, कोणत्या वेळेनंतर मुलांना अंगणात सोडू नये, कैरीचे पन्हे केव्हा घ्यावे, रात्री गच्चीवर पाणी शिंपडून मगच अंथरूण का घालावे, हे सारे जुन्यांनी उन्हाकडून शिकून घेतले आहे. ‘येऊ नका’ म्हणून हसणारा मनुष्य मागाहून ह्या गोष्टी सांगत असेल, माठ भरून ठेवीत असेल आणि भाड्याच्या खोलीवर पत्रा आहे की धाबे, ह्याची चौकशी करीत असेल, तर त्याच्या थट्टेचा अर्थ ‘तुम्ही आलात, हे आम्ही पाहिले’ एवढाच आहे. तो केवळ हसून आपल्या पंख्याखाली परत जात असेल, तर त्याचे ‘येऊ नका’ अक्षरशः खरे मानावे. वाक्य दोघांचे एकच असते. नीतीच्या दृष्टीने विचारावयाचे ते इतकेच, की हसणे संपल्यावर दार उघडे राहिले की लागले. आणि हे दार कारखान्याच्या नव्या साहेबासाठी जितके उघडते, तितकेच सातपुड्यातून खाली आलेल्या बाईसाठीही उघडते किंवा कसे.